एवढ्या खोलात कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

माझं रेल्वे स्टेशनचं छोटं मॉडेल बघून झालं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात: "हे सगळं सुरेख आहे, पण एवढ्या खोलात कशाला जाता? रुळाची उंची, भिंतीवरचा रंग, रुळाकडेचं गवत... बघणाऱ्याला काय कळणार आहे त्यातलं?" प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

माझं मॉडेल सोलापूर जिल्ह्यातल्या कुर्डुवाडीच्या मालधक्क्याचं आहे. एका बाजूला मुंबई-सोलापूर ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला बार्शी लाइट. ज्यांनी ही छोटी गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे 1860 साली सोलापूरला पोचली, पण कापसाच्या व्यापाराचं बार्शी तिने बाजूलाच ठेवलं. वीसेक मैलांवरच्या स्टेशनला 'बार्शी रोड' असं नाव मिळालं, तेच आजचं कुर्डुवाडी. बार्शीचा माल तिथपर्यंत बैलगाडीने यायचा. जी.आय.पी.मध्ये काम केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने 1895 साली कंपनी काढली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी अडीच फुटी (दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली) रेल्वे सुरू केली. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. त्यामुळे दर तीन फुटांना फक्त 30 पौंड वजनाचा हलका रूळ पुरला आणि लाइन स्वस्तात झाली. पुढे ती 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. लातूर-बार्शीकडून मुंबईला जाणारा माल कुर्डुवाडीला छोट्या वाघिणीतून उतरायचा आणि मोठ्या वाघिणीत चढायचा, सगळा माणसांच्या पाठीवरून.

आता हे शेवटचं वाक्य बघा. लिहिणाऱ्याला ते लिहून पुढे जाता येतं. मॉडेल करणाऱ्याला नाही जाता येत. त्याला तो धक्का टेबलावर उभा करायचा असतो. मग दोन्ही वाघिणींची तळं सारख्या उंचीवर नव्हती, तर मधे काय होतं? फळी? किती रुंद? रुईच्या गाठी थेट इकडून तिकडे जात की आधी धक्क्यावर रचल्या जात? रचल्या तर ताडपत्री होती का? मुकादम कुठे उभा राहायचा? मॉडेलमधली मोकळी जागासुद्धा काहीतरी सांगत असते. ती म्हणते, इथे काही नव्हतं. आणि तेही खात्री असल्याशिवाय म्हणता येत नाही. मी खोलात जातो ते बघणाऱ्याला कळावं म्हणून नाही. हे प्रश्न एरवी मला कधी पडलेच नसते, आणि ते पडणं हाच मला या छंदातला सर्वांत मोठा आनंद वाटतो.

सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते साल. 'जुन्या काळातलं कुर्डुवाडी' असं मॉडेल करता येत नाही, निदान मला तरी ते मान्य नाही. मी 1952 चा फेब्रुवारी निवडला. कारण सांगतो. 5 नोव्हेंबर 1951 ला जी.आय.पी. संपून मध्य रेल्वे झाली. बार्शी लाइट मात्र 1 जानेवारी 1954 ला सरकारने घेईपर्यंत खासगी कंपनीची राहिली. म्हणजे साधारण दोन वर्षं अशी होती की त्याच यार्डात ब्रॉडगेज नव्या मध्य रेल्वेची आणि अडीच फुटी लाइन जुन्या कंपनीची. आणि वाघिणींवरची अक्षरं काही एका रात्रीत बदलत नाहीत. माझ्या ब्रॉडगेजच्या बहुतेक वाघिणींवर अजून जी.आय.पी. आहे, रंग उडालेलं. नव्या अक्षरांच्या वाघिणी मोजक्याच.

एकदा साल ठरलं की बाकीचं आपोआप पक्कं होत जातं. पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच होऊन गेलेली, म्हणून यार्डाबाहेरच्या एका भिंतीवर काँग्रेसची बैलजोडी रंगवली आहे. दरफलकावर रुपये, आणे, पै, कारण नवे पैसे 1957 मध्ये आले. लातूर आणि उस्मानाबाद त्या वर्षी हैदराबाद राज्यात, म्हणजे गाठी दुसऱ्या राज्यातून आलेल्या. स्वातंत्र्यापूर्वी स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगळे रांजण असत. मी 1940 निवडलं असतं तर ते मांडले असते, मन खट्टू झालं असतं तरी. नको असलेली गोष्ट काढून टाकून इतिहास गोड करायचा हक्क मॉडेल करणाऱ्याला नाही, असं माझं ठाम मत आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते गवताने. आज रुळाकडेला सगळीकडे गाजरगवत दिसतं. फोटो काढून आणला, हिरवा भुसा चिकटवला, पांढरे ठिपके दिले, की हुबेहूब होतं. पण गाजरगवताची आपल्याकडे दखल घेतली गेली ती 1955 च्या सुमारास, पुण्यात. माझ्या देखाव्यात त्याची एक काडीही नाही. तसाच ऊस. कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे निघालात तर आज दोन्ही अंगांना ऊस लागतो, पण तो उजनीच्या पाण्याचा, आणि उजनी धरण पुरं झालं 1980 साली. माझ्या फेब्रुवारीत तिथे शाळू उभा आहे, मधूनमधून करडई, बांधावर बाभळी आणि कडुनिंब. यार्डामागची घरं धाब्याची आहेत, सपाट, पांढऱ्या मातीची. बाजारात मिळणारे घरांचे संच उतरत्या छपरांचे, युरोपातल्या खेड्यांचे असतात. ते या भागात अजिबात चालत नाहीत.

मापांचं थोडक्यात सांगतो, कारण यात रस असलेले मोजकेच. माझं प्रमाण एकास 87. अडीच फुटी लाइन या प्रमाणात जवळपास 9 मिलिमीटर येते, आणि तेवढा ट्रॅक तयार मिळतो, ही चांगली गोष्ट. आपलं ब्रॉडगेज मात्र 1676 मिलिमीटरचं, म्हणजे मॉडेलवर सव्वाएकोणीस. तयार मिळतो तो साडेसोळाचा, परदेशी गेजसाठी केलेला. एरवी एखाद्याने तो चालवून घेतला तर मी काही म्हणणार नाही. पण कुर्डुवाडीत मोठी लाइन आणि छोटी लाइन शेजारी शेजारी आहेत, आणि त्या दोघींमधली तफावत हाच त्या जागेचा सगळा जीव आहे. त्या तफावतीपायी हजारो हात राबले. म्हणून ब्रॉडगेज मी हाताने टाकलं, स्लीपरवर रूळ एकेक जोडून. छोट्या लाइनच्या रुळाचंही तेच. तयार ट्रॅकचा रूळ साधारण दोन मिलिमीटर उंच असतो. 87 ने गुणा, सतरा सेंटिमीटरांच्या वर जातो. हा आज राजधानी एक्स्प्रेस धावते त्या मीटरला 60 किलोच्या रुळाएवढा झाला. 30 पौंडी रूळ खरा जेमतेम तीन इंची. कॅलथ्रॉपची अख्खी कल्पना त्या बारीक रुळावर उभी होती. तिथे जाड रूळ टाकला तर मॉडेल त्याच्याविरुद्धच बोलायला लागेल.

माहिती कुठून मिळते, हेही लोक विचारतात. गॅझेटियर, सर्व्हे ऑफ इंडियाचे एक इंचाला एक मैल असे जुने नकाशे, जुनी वेळापत्रकं, लग्नाच्या वऱ्हाडाचे फोटो. फोटोत नवरा-नवरीकडे बघायचं नाही, त्यांच्या मागे बघायचं. खरी मदत मात्र माणसांची झाली. रेल्वेत उमेदीची वर्षं घालवलेल्या एका आजोबांकडे मी वही घेऊन गेलो होतो. "यार्ड कसं होतं?" विचारलं की ते म्हणायचे, "होतं की, यार्डासारखं यार्ड." पुढच्या वेळी पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल पिशवीत घालून नेलं आणि त्यांच्या पुढ्यात मांडलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बाळा, दुपारची सावली कुठं हाय? हमालानं भाकरी कुठं खायची?" मग बैलगाड्या स्वतःच्या हाताने उचलून दुसरीकडे ठेवल्या, बैल सोडून. बैल सुटल्यावर गाडी पुढे टेकते, हे मी पाहिलेलं होतं, पण केलं नव्हतं. त्या दुपारनंतर माझ्या मॉडेलमध्ये कडुनिंबाखाली चार माणसं बसली आहेत, मडकं आहे, आणि गाड्यांची जोखडं जमिनीला टेकली आहेत.

ती छोटी लाइन आता नाही. 2000 नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळी ब्रॉडगेज झाली. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे याच मार्गाने गेली, कुठेही माल न बदलता. ते होणं गरजेचंच होतं, मला त्याचं दुःख नाही. पण त्याबरोबर मालधक्क्यावरचं एक अख्खं काम संपलं, आणि ते कसं चालायचं हे ज्यांच्या हातांना आठवतं अशी माणसं आता थोडी उरली आहेत.

म्हणून, तुमच्यापैकी कुणाला असं काही करावंसं वाटत असेल तर गावाजवळचं एकच स्टेशन घ्या. मिरज घ्या, मूर्तिजापूर घ्या, नेरळ घ्या. साल ठरवा, आणि ते पाटीवर लिहून टेबलाला लावा. रंग, झाडं, माणसं यांना अजून हात घालू नका. आधी पुठ्ठ्याचं कच्चं मॉडेल करा आणि ते घेऊन गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या रेल्वेवाल्याकडे जा. वस्तू हलतील अशाच ठेवा, काहीही चिकटवून नेऊ नका.