१६ लाखांची ऑफर सोडून साडेचौदा लाखांची का घेतली: माझा अनुभव

गेल्या वर्षी मी नोकरी बदलली. हातात वर्षाला १६ लाखांचं ऑफर लेटर होतं, तरी मी साडेचौदा लाखांची नोकरी घेतली, आणि आज महिन्याला बँकेत जमा होणारी रक्कम त्या १६ लाखांच्या नोकरीत झाली असती त्याहून जास्त आहे. नात्यातल्या कुणाला हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही, मग पुढचा प्रश्न ठरलेला: "पण आयटीत नक्की पगार असतो तरी किती?" याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही. का देता येत नाही, ते मला या सगळ्या प्रक्रियेतून जाताना कळलं. म्हणून हा अनुभव आकड्यांसकट लिहितेय. पगाराचे आकडे आपण एकमेकांपासून लपवतो आणि त्याचा फायदा फक्त समोरच्या एचआरला होतो, असं माझं ठाम मत आहे.

मी मूळची सांगलीची. जानेवारी २०२० मध्ये पुण्यात हिंजवडीला एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत फ्रेशर म्हणून लागले, साडेतीन लाखांच्या पॅकेजवर. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचा हा आकडा गेली कितीतरी वर्षं तिथेच घुटमळतोय. माझ्या कितीतरी आधी लागलेले सीनियर्सही जवळपास एवढ्यावरच सुरू झाले होते, आणि त्या काळात पुण्यातलं घरभाडं कुठल्या कुठे गेलं. पाच वर्षांनी माझा सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, होता ६ लाख ६० हजार, हातात महिन्याला साधारण ४३ हजार. माझ्याच कॉलेजची, माझ्याच वर्गातली मैत्रीण खराडीत एका परदेशी कंपनीच्या सेंटरमध्ये १९ लाखांवर होती. दोघीही 'जावा' या भाषेत बॅकएंड, म्हणजे ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणारा कोड, लिहितो. अभ्यासात ती माझ्यापेक्षा पुढे होती असंही नाही, हे ती स्वतःच सांगते.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांना हे पटवून देता देता माझी पुरेवाट झाली. त्यांच्या जगात पद आणि सेवेची वर्षं सांगितली की सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात बोट ठेवून पगार सांगता येतो. "एकाच कामाला एकीला सहा आणि एकीला एकोणीस, हे कसं काय?" हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

उत्तराचा पहिला धागा मला आमच्या जुन्या प्रोजेक्टच्या लीडकडून मिळाला. क्लायंटकडून माझ्या तासाला २२ डॉलर येत होते. महिन्याचे १६० तास धरले तर साडेतीन हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीन लाख रुपये. त्यातले माझ्यावर पंचावन्न हजार खर्च होत होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राग आला होता. पण मधला पैसा कुठे जातो, ते लीडने नीट समजावलं: बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसलेल्यांचे पगार, ऑफिस, कॅब, काम मिळवून आणणारी सेल्सची माणसं, क्लायंटच्या देशातला आमचा मॅनेजर, आणि कंपनीचा नफा. सर्व्हिस कंपनी माणसांचे तास विकते. दर क्लायंटशी झालेल्या करारात बांधलेला. मी कोड दुप्पट चांगला लिहिला तरी २२ चे ४४ डॉलर होत नाहीत. त्यामुळे माझी पगारवाढही एका मर्यादेपुढे सरकत नव्हती, मॅनेजरने रेटिंग कितीही चांगलं दिलं तरी.

मैत्रिणीच्या कंपनीचा हिशेब वेगळा. ती ज्या सेंटरमध्ये आहे, ते मूळ कंपनीचं स्वतःचं ऑफिस. मध्ये ठेकेदार नाही. तिकडे हेच काम लंडनमध्ये करून घ्यायला किती लागेल, या आकड्याशी पुण्याच्या पगाराची तुलना होते, आणि त्या तुलनेत १९ लाख त्यांना स्वस्तच वाटतात. प्रॉडक्ट कंपनीत तर एकदा लिहिलेलं सॉफ्टवेअर हजारो ग्राहकांना विकलं जातं. म्हणजे पगार ठरताना प्रोग्रामर कसा आहे याच्याही आधी त्याची खुर्ची कुठल्या धंद्यात आहे, हे येतं. शहराचा, तंत्रज्ञानाचा, वर्षांचा फरक पडतोच. बंगळूर पुण्यापेक्षा जास्त देतं. वेळही महत्त्वाची. २०२१-२२ मध्ये माणसं इतक्या भराभर नोकऱ्या बदलत होती की इन्फोसिससारख्या कंपनीची वार्षिक गळती २८ टक्क्यांवर गेली होती. तेव्हा उडी मारलेल्यांना जे मिळालं, तेच काम करणाऱ्यांना २०२३ मध्ये मिळालं नाही.

हे कळल्यावर ठरवलं की बाहेर पडायचं, पण ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेसाठी, लागणारी पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच. अनेक जण साडेचार वर्षांवर वैतागून राजीनामा देतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. माझं बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिना २२ हजार होतं. सूत्र असं: शेवटचं बेसिक भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. माझी पाच वर्षं सात महिने भरली, म्हणून सहा वर्षं धरून ७६ हजार १५४ रुपये मिळाले. हे आपल्याच सीटीसीत दरवर्षी दाखवलेले पैसे असतात.

तयारीबद्दल फार लिहीत नाही. दुपारी दोन ते रात्री अकराची शिफ्ट होती, त्यामुळे सकाळी लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवरचे प्रश्न आणि सिस्टिम डिझाइन, म्हणजे मोठ्या सिस्टिमची रचना कशी करायची याचा अभ्यास. 'नौकरी' या जॉब साइटवर प्रोफाइल अपडेट केलं की फोन यायचे, आणि तीन महिन्यांचा नोटीस पीरियड ऐकला की बंद व्हायचे.

त्या फोनवरचा पहिला प्रश्न नेहमी एकच असायचा: "मॅडम, करंट सीटीसी?" मी खरा आकडा सांगायचे. त्यावर, "आमच्याकडे करंटवर मॅक्सिमम चाळीस टक्के हाइक देतो." झालं. एका कंपनीने असंच ६.६ वर चाळीस टक्के चढवून ९.२ लाखांची ऑफर दिली. काम काय, त्याची बाजारातली किंमत काय, हा विषयच नाही. ज्याची सुरुवात साडेतीन लाखांवर झाली, त्याच्या प्रत्येक पुढच्या नोकरीला ते साडेतीन लाख चिकटून राहतात. माझ्या मते पगारातल्या तफावतीचं हे सगळ्यात अन्यायाचं कारण आहे, आणि मधे बाळंतपणासाठी थांबलेल्या मुलींना त्याचा फटका जास्त बसतो. माझा मावसभाऊ अमेरिकेत डेन्व्हरला आहे. त्यांच्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगाराची रेंज लिहावी लागते. अर्ज करण्याआधी त्याला जे ठाऊक असतं, ते इथे चौथ्या राउंडनंतरही आपल्याला कळत नाही.

मग मैत्रिणीने एक वाक्य शिकवलं आणि मी ते पुढच्या प्रत्येक फोनवर वापरलं: "माझा सध्याचा सीटीसी ६.६ आहे, पण मी या रोलच्या बजेटवर बोलू इच्छिते. पाच वर्षांच्या अनुभवासाठी तुमची रेंज काय आहे?" काहींनी फोन ठेवला. काहींनी मात्र रेंज सांगितली, आणि ती ऐकून मी गप्प झाले, कारण रेंजचा खालचा आकडाच माझ्या पगाराच्या दुप्पट होता.

खराडीतल्या एका परदेशी बँकेच्या सेंटरमधला इंटरव्ह्यू आठवणीत राहिलाय. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने कोडिंगचा प्रश्न झटपट संपवला आणि विचारलं, "ग्राहकाने पैसे पाठवले, सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, ॲपने तीच रिक्वेस्ट परत पाठवली. पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय कराल?" जुन्या प्रोजेक्टमध्ये असंच झालं होतं. रात्रीच्या बॅचमध्ये एकच फाइल दोनदा प्रोसेस झाली होती आणि ते निस्तरायला आम्ही पहाटेपर्यंत बसलो होतो. तेव्हा मी प्रत्येक व्यवहाराला एक वेगळी 'की', म्हणजे ओळखीचा क्रमांक, देऊन, डेटाबेसमध्ये त्या कीवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच की दुसऱ्यांदा नोंदवता येणार नाही अशी अट, टाकला होता. तीच की दुसऱ्यांदा आली तर नवा व्यवहार करायचा नाही, पहिल्याचंच उत्तर परत पाठवायचं. मी हे सांगितलं. मग त्यांनी विचारलं की दोन्ही रिक्वेस्ट अगदी एकाच वेळी दोन वेगळ्या सर्व्हरवर पोचल्या तर? पहिला व्यवहार अर्धवट असतानाच सर्व्हर बंद पडला तर? अर्धा तास आम्ही या एकाच गोष्टीवर बोललो. पाच वर्षं ज्या कामाला तक्रारींची तिकिटं मिटवणं म्हणत होतो, त्याची किंमत मला त्या अर्ध्या तासात कळली. जिथे चुकीची किंमत मोठी, तिथे ती चूक टाळू शकणाऱ्याला पैसे जास्त. हे तफावतीचं दुसरं खरं कारण.

तोवर दुसऱ्या एका कंपनीकडून १६ लाखांचं लेटर आलं होतं आणि मी राजीनामा दिला होता. नोटीस पीरियडमध्ये बँकेच्या सेंटरची साडेचौदा लाखांची ऑफर आली. घरच्यांचं मत अर्थातच १६. मी दोन्ही लेटरमधलं शेवटचं पान, म्हणजे सॅलरी ॲनेक्शर, एक्सेलमध्ये उतरवलं.

१६ लाखांत होतं ते असं: २ लाख ४० हजार व्हेरिएबल, म्हणजे दरवर्षी पूर्ण मिळेलच असं नाही असा भाग. १ लाख जॉइनिंग बोनस, तोही एकदाच, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ७६,८००. ग्रॅच्युइटी ३०,७८४. विम्याचा हप्ता २० हजार. हे सगळं वजा केल्यावर महिन्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, उरतो ९४,३६८. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ ६,४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की ८७,७६८, आणि इन्कम टॅक्स अजून कापायचाच आहे. सोळा लाखांना बाराने भागून जे एक लाख तेहेतीस हजार डोळ्यांसमोर येतात, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही.

साडेचौदा लाखांत व्हेरिएबल नव्हतं, जॉइनिंग बोनस नव्हता, विमा सीटीसीच्या बाहेर, आणि पीएफ पूर्ण बेसिकवर न धरता १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे दोन्ही बाजूंनी महिना १,८०० रुपये. ग्रॅच्युइटी २७,८९८ वजा करून महिना ग्रॉस १,१६,७०८. पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स जाऊन १,१४,७०८. नव्या कररचनेत वर्षभराचा टॅक्स धरला तरी हातात लाखाच्या वर.

पीएफ आपलाच पैसा आहे, त्यामुळे तोही दोन्हीकडे मिळवून पाहिला. तरीही साडेचौदा लाखांची ऑफर महिन्याला सतरा हजारांवर पुढे होती. जॉइनिंग बोनस बाजूला ठेवला तर, व्हेरिएबल जवळजवळ ८९ टक्के मिळालं तरच १६ लाखांची ऑफर बरोबरीला येत होती. मग तिथे काम करणाऱ्या एका ओळखीच्याला सरळ विचारलं की मागच्या वर्षी किती मिळालं. तो म्हणाला, साठ टक्के. माझा निर्णय तिथे झाला. पहिल्या कंपनीला मी फोन करून नकार कळवला आणि मेलही पाठवला. त्यांच्या एचआरने नाराजी बोलून दाखवली, ते साहजिक होतं.

नोटीस संपत आली तेव्हा, जुलै २०२५ मध्ये, टीसीएसने जवळपास बारा हजार लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं. बाबांचा रात्री फोन आला, "पक्की नोकरी सोडतेयस, नीट विचार केलायस ना?" मी त्यांना तीच एक्सेल शीट पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रॅच्युइटीच्या आकडेमोडीत काही चूक नाही एवढंच कळवलं.

आता नोकरी बदलणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. आर्थिक वर्षाच्या मधे बदल केलात तर नव्या कंपनीला ठरलेल्या फॉर्मवर (माझ्या वेळी तो फॉर्म १२बी होता) जुन्या पगाराचा तपशील कळवा. तसं केलं नाही तर दोन्ही कंपन्या ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे कर मोजण्याआधी पगारातून सरसकट मिळणारी वजावट, वेगवेगळी धरतात, स्लॅबही पहिल्यापासून मोजतात, आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते. पीएफ काढू नका, जुन्या खात्यातला नव्या खात्यात ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यांत वेतन म्हणून धरायची रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा कमी राहू नये अशी तरतूद आहे. माझ्या दोन्ही ऑफरमध्ये बेसिक चाळीस टक्के होतं. तुमच्या लेटरमध्ये ग्रॅच्युइटीचा आकडा मोठा दिसला तर तो यामुळे असू शकतो, आणि त्याच सीटीसीत हातात येणारी रक्कम त्यामुळे कमी होऊ शकते.

जुन्या टीममधली एक मुलगी मार्चमध्ये इंटरव्ह्यू देत होती. अनुभव माझ्यापेक्षा वर्षाने कमी, काम तेच. तिने फोनवर दहा लाख मागायचं ठरवलं होतं, तेही भीत भीत. मी तिला माझं ॲनेक्शर दाखवलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. तिने आधी रेंज विचारली, मग साडेतेरा मागितले. तिला तेरा मिळाले, सगळे फिक्स्ड.