ऊ, ई आणि उमा

“माल्टातले कायदे एवढे पुढारलेले, मग तिथल्या भाषेतही बाई-पुरुष असलं काही नसेल ना?” मी माल्टात, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या एका छोट्या बेटांच्या देशात, नोकरी करते; सुट्टीवर पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीटच लिहिते.

नसायला काय, भरपूर आहे. माल्टीज ही अरबीच्या कुळातली भाषा. लिहिली जाते रोमन लिपीत, आणि इटालियन शब्द तिच्यात ठासून भरलेत. लिंगं दोनच, तिसरं नाही. आपली खुर्ची तिथे पुरुष, आपला चमचा तिथे बाई.

मी एका वृद्धाश्रमात नर्स आहे. इंग्रजीवर भागतं, पण पहाटे तीनला जागी झालेली आजी इंग्रजी बोलत नाही. म्हणून सोबतच्या एका पुरुष नर्सकडून मी वाक्यं उचलत गेले. एकदा रात्रपाळी संपताना मोठ्या रुबाबात म्हटलं, “यीन आय्यीन.” म्हणजे ‘मी दमलोय’. पलंगावरच्या नव्वदीच्या नान्ना (तिकडे आजीला नान्नाच म्हणतात) खोकला येईपर्यंत हसल्या. “आय्यीना! तू राजेल की मारा?” राजेल म्हणजे पुरुष, मारा म्हणजे बाई. कित्येक आठवडे मी सगळ्यांशी पुरुषासारखी बोलत होते आणि कुणी टोकलं नव्हतं.

हेच राजेल आणि मारा नवरा-बायको या अर्थानेही चालतात. म्हणून 2017 साली विवाहाचा कायदा बदलताना नुसतं ‘कुणीही कुणाशी लग्न करावं’ म्हणून भागलं नाही. नवरा-बायको, आई-वडील हे शब्द काढून जोडीदार, पालक असे शब्द घालावे लागले. संसदेत 66 विरुद्ध 1 मतांनी तो मंजूर झाला. त्याआधी 2015 च्या कायद्याने कागदोपत्री लिंग बदलायला डॉक्टरचा दाखला किंवा शस्त्रक्रिया लागणार नाही असं ठरवलं होतं, आणि आंतरलिंगी (ज्यांचं शरीर जन्मतः ठरावीक मुलगा-मुलगी या साच्यात बसत नाही अशा) बाळांवर गरज नसताना शस्त्रक्रिया करायला बंदी घातली होती. याच देशात 2011 च्या सार्वमतापर्यंत घटस्फोटसुद्धा मिळत नव्हता! तेव्हा भाषा उदार म्हणून कायदे उदार, हे काही खरं नाही.

पण या भाषेत काही दारं आपोआप उघडी राहिलीत. अरबीत समोरच्या पुरुषाला ‘अन्ता’, बाईला ‘अन्ती’. माल्टीजमध्ये ‘इन्त’ आणि ‘इन्ती’ दोन्ही शिल्लक आहेत, पण कुणालाही कुठलंही चालतं. क्रियापदाचंही तसंच. ‘जेय्त माल्टा’ म्हणजे मी माल्टाला आले, किंवा आलो. मराठीत एवढं सांगायला तोंड उघडलं की आपण कोण ते कळलंच. तो ‘ऊ’ आणि ती ‘ई’ (लिहिताना आधी ह असतो, पण तो मुका) एवढे वेगळे, आणि अनेकवचनात दोघं मिळून ‘उमा’. ते, त्या, ती सगळ्यांना एकच उमा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, उमा नावाची कुणी बाई आश्रमात आहे आणि सगळी कामं तीच करते.

आमच्या पाळीत एक व्यक्ती आहे, स्वतःला बाई म्हणवत नाही की पुरुष म्हणवत नाही. ‘कुठे चाललास’ला माल्टीजमध्ये ‘सेय्येर’, ‘चाललीस’ला ‘सेयरा’, आणि हा प्रश्न दिवसातून वीसदा कानावर पडतो. उत्तर मात्र येतं, “से म्मूर इद-दार”, घरी जाणार. गंमत अशी, की हे ‘से’ म्हणजे ‘सेय्येर’च, बोलून बोलून झिजलेलं. झिजता झिजता त्यातलं लिंग गळून पडलं. कुठल्या समितीने काढलेलं नाही ते.

मग हमखास पुढचा शेरा येतो: “आपल्याकडे तर नपुंसकलिंग तयारच आहे.” आधी त्या शब्दाकडेच बघा. माणसाला तोंडावर म्हणाल? आणि एकवचनी ‘ते’ आपण कुणासाठी ठेवलंय? तान्ह्या बाळासाठी, कुत्र्याच्या पिल्लासाठी, आणि ‘येडं आहे ते’ म्हणायला. जुने लोक बायकोला ‘आमचं कुटुंब’ म्हणत, त्यातही मानापेक्षा आडपडदाच जास्त. घरात तिसरी खोली आहे, पण ती अडगळीची. दोनच खोल्यांत भागवणारे माल्टीज लोक मला त्या बाबतीत मोकळे वाटतात.

मागच्या रविवारी फोनवर मी आईला या सहकाऱ्याबद्दल सांगत होते. माल्टीजमधलं ‘पेरसूना’ स्त्रीलिंगी, आपलं ‘व्यक्ती’ही स्त्रीलिंगी, त्यामुळे मी बिनधास्त “ती व्यक्ती आज माझ्याकडे जेवायला येणार होती” म्हणून सुरुवात केली.

“म्हणजे मुलगी.”

“नाही गं.”

“मग मुलगा. मग ती काय म्हणतेस?”

“तसंही नाही.”

आई जरा थांबली. मागे कुकरची शिट्टी झाली.

“बरं,” ती म्हणाली, “मग झालं का जेवण त्यांचं?”