यंदा मृदंग नातवाच्या गळ्यात

आमच्या घरात वारी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्याही आधीपासून आहे. अण्णांचे वडील माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून आळंदीला जायचे आणि तिथून माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला. त्यांच्यामागे अण्णांनी ती चालवली. रथामागच्या एका दिंडीत ते मृदंग वाजवायचे. माघात अण्णा गेले. तेराव्याला दिंडीतली माळकरी मंडळी आली, पंगत उठली, आणि निघताना विणेकरी बाबांनी विचारलं, "ताई, वारी कोण चालवणार?" भावाला एवढी सलग सुट्टी मिळणं अवघड. मी म्हटलं, मी येते. माझा मुलगा नुकताच दहावीच्या अभ्यासातून उठून आला होता. तो म्हणाला, "मग मृदंग मी घेतो."

त्याला मृदंग अण्णांनीच शिकवला. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेला की संध्याकाळी मंदिरात हरिपाठाला अण्णांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. आधी बोल तोंडी पाठ, मग हात. धुमेला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक त्यानेच मळायची, असा नियम होता. सैल झाली की आवाज बसतो, घट्ट झाली की धरत नाही. अण्णा बोटाने दाबून बघायचे आणि पसंत पडली नाही तर नुसतं "अजून" म्हणायचे. वाजवून झालं की धुमेवरची कणीक खरवडून गाईपुढे ठेवायची. अन्न आहे, टाकायचं नाही. 1972 च्या दुष्काळात ऐन विशीत त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली होती आणि सुकडीवर दिवस काढले होते, त्यामुळे कणकेचा गोळा वाया गेलेला त्यांना बघवत नसे. घणाखाली सापडलेलं त्यांचं डावं बोट शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. तेच बोट धुमेवर पडलं की घुमारा असा निघायचा, की मंदिराबाहेर बसलेली म्हातारी माणसं मान डोलवायची.

आळंदी ते पुणे पाऊस होता. पोराने मृदंगाला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला, तरी ओलीने पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, उतरलीच. पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा, त्यात दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या लावल्या होत्या, आणि चढावर सगळा घाट टाळांनी भरून गेला होता. माझे पाय भरून आले तेव्हा डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी मागून आल्या. "अण्णांची लेक ना तू? चल माउली, वर गेल्यावर बसू." सत्तरी ओलांडलेली बाई, आणि तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

वाटेत अशी माणसं भेटतच राहिली. कुणाची चप्पल तुटली तर अण्णांच्या पिशवीत दाभण-दोरा असायचा, हे मला दिंडीत कळलं. एकाला ताप आला तेव्हा त्याचं सामान दोन मुक्काम अण्णांनी वाहिलं होतं. आम्हाला घरी यातलं काही सांगितलेलं नव्हतं. पण नवलही वाटलं नाही. आई बाळंतपणाला गेली की आम्हा बहिणींच्या वेण्या अण्णा घालायचे, मृदंगाची वादी ओढावी तशा घट्ट, आणि शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याला पाणी असलं की एकेकीला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचे. घरात वेगळे आणि देवापाशी वेगळे, असे अण्णा मला कधी दिसले नाहीत. "महिनाभर घर सोडून देव-देव करत फिरतात" असं आमच्या नात्यात काहीजण बोलायचे. ते मला तेव्हाही पटायचं नाही. फलटणचं त्यांना ठाऊक नव्हतं.

मी फलटणला हॉस्टेलवर राहून शिकले. गावात मुलीला शिकायला बाहेर ठेवणारे फार नव्हते. अण्णांनी एक म्हैस विकली आणि मला ठेवलं. लोणंद, तरडगाव करत पालखी फलटणला विमानतळावर मुक्कामी आली, की संध्याकाळी समाजआरती झाल्यावर अण्णा चालत हॉस्टेलच्या फाटकाशी यायचे. दिवसभर चाललेला माणूस. पायांना चिखल, कपाळावर घामाने पसरलेला बुक्का. उपरण्याच्या टोकाला गाठ मारलेली असायची. ती सोडली की राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, एखादं केळं, कधी चुरा झालेली बिस्किटं. वाटेत लोक वारकऱ्यांच्या हातावर जे ठेवत, त्यातलं आळंदीपासून थोडं थोडं माझ्यासाठी राखून ठेवलेलं. "माउलीचा प्रसाद आहे, मैत्रिणींना दे," म्हणायचे. अभ्यासाचं विचारायचे नाहीत. जेवण पोटभर मिळतं का, एवढंच विचारायचे आणि परत तळावर जायचे, कारण पहाटे उठायचं असायचं.

यंदा फलटणच्या मुक्कामात मी मुलाला घेऊन त्या फाटकापाशी गेले. तिथे उभं राहून हे सगळं त्याला सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "माझ्यासाठी पण आणायचे. तू रागवायचीस, शिळं खाऊ नको म्हणून. आम्ही माळ्यावर जाऊन खायचो."

मला हे माहीत नव्हतं. मी तिथेच रडले, आणि त्याने मला रडू दिलं.

समाजआरती त्याला फार आवडायची. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतात आणि एवढा अफाट समाज एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. तिचं म्हणणं ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, मग आरती. अण्णांनी हे त्याला लहानपणी गोष्टीसारखं सांगितलं होतं, त्यामुळे चोप वर जायच्या आधीच त्याचा हात थांबायचा.

पुरंदावड्याला पहिलं गोल रिंगण झालं. पताकावाले धावले, तुळशीवाल्या बायका धावल्या, विणेकरी धावले, मग अश्व. स्वाराच्या अश्वामागून माउलींचा अश्व सुटला तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, अण्णा म्हणायचे डोळे मिटू नको, एवढ्यासाठीच आलोय. टापांखालची माती लोक कपाळाला लावत होते. त्यानंतर उडीचा खेळ. पालखीभोवती टाळकऱ्यांची रिंगणं आणि मधे एकमेकांना खेटून मृदंगवाले. तिथे कच्च्या वादकाचं काम नाही, म्हणून मुलगा कडेला उभा होता. विणेकरी बाबांनी त्याला दंडाला धरून आत नेलं, अण्णा जिथे उभे राहायचे त्या जागी. सुरुवातीला त्याचा हात मागे पडत होता, मला दिसत होतं. शेजारचे काका त्याच्याकडे तोंड करून, मान हलवत ठेका दाखवू लागले. मग लय चढली. तो टाचांवर उसळत होता, केसांतून घाम उडत होता, आणि मृदंगाचा घुमारा मला एवढ्या गर्दीतही ओळखू आला. शिसवी खोडाचा तो आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकलाय. माझ्याभोवतीच्या बायका फुगडीला ओढत होत्या. मी फुगडी घातली.

पुढे वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तेव्हा माणसांखाली जमीन दिसत नाही. पंढरपुरात आम्ही दर्शनाच्या रांगेला लागलो नाही. अण्णाही बहुतेक वर्षी चंद्रभागेत अंघोळ करून, नामदेव पायरीला डोकं टेकवून, कळसाला हात जोडून माघारी यायचे. द्वादशीला उपवास सोडून दिंडीतल्या बऱ्याच जणांनी गावची एसटी धरली, आम्ही मात्र पौर्णिमेला गोपाळपूरचा काला घेऊन निघायचं ठरवलं.

मधल्या दिवसांत मृदंगाचं काम होतं. पंढरपुरात मृदंग भरून देणारे कारागीर आहेत आणि वारीत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. अण्णा ज्यांच्याकडे जायचे त्यांनी मृदंग हातात घेतला, उलटा-सुलटा केला, गट्ट्यांवर हात फिरवला आणि वर पाहिलं. मी सांगितलं. त्यांनी मृदंग बाजूला ठेवून हात जोडले. मग म्हणाले, शाईची, म्हणजे उजव्या तोंडाची पुडी गेली, नवी घालावी लागेल, धूम अजून दोन वर्षं चालेल. मुलाने शाई कशी घोटतात ते बघायला मिळेल का विचारलं. "सकाळी लवकर ये," म्हणाले. तो पहाटे मला न उठवताच गेला. दुपारी पुडी चढवून झाल्यावर कारागिरांनी त्याला वाजवून बघायला लावलं, आणि धुमेला लावायला कणीक आपल्या घरातून मागवली. त्याने बोटाने दाबून पाहिली.

"अजून थोडी मळायला हवी," म्हणाला, आणि स्वतःच मळायला बसला.