गारगोटी वाजवून घ्या

यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला होता, टेक्सासचा एक दाढीवाला काका ताटाएवढा फ्लिंट, म्हणजे गारगोटीच्याच जातीचा दगड, मांडीवर घेऊन बसलाय आणि गप्पा मारत मारत त्याचं भाल्याचं पातं करतोय. मला वाटलं, आपल्याकडे दगडाला काय तोटा? मग पुढचे सहा महिने अंगणात बसून मी जे काही केलं त्याला खडी पाडणं म्हणतात.

हात वाईट होता हे खरंच, पण खरी गडबड दगडातच होती. आपला काळा दगड फुटतो, पण त्याचे कण जाड असले की छिलका ओबडधोबड निघतो, धार म्हणावी तशी येत नाही. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यापोकळ्यांचा खडक तर बघूच नका. एकदम बारीक कणांचा, घट्ट काळा दगड मिळाला तर मोठं हत्यार होतं, नेवाशाजवळ चिरकीला सापडलेल्या अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद धारेची दगडी हत्यारं) अशाच काळ्या दगडाच्या आहेत. पण बारीक पातं पाडायचं तर गारगोटीच पाहिजे, म्हणजे कॅल्सेडोनी, अगेट, जास्पर ही मंडळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे फुगे अडकले, त्या पोकळ्यांत नंतर सिलिका साचत गेली, त्याची ही गारगोटी. पोकळीच एवढीशी असेल तर दगड ताटाएवढा कुठून येणार? नदीत बऱ्याचशा लिंबाएवढ्या मिळतात, मुठीएवढी मिळाली तर लॉटरी.

माझी मावशी शिरूरकडे राहते, तिथून घोड नदी जवळ. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मी पिशवी घेऊन जातो. आधी सगळं चकाकणारं उचलायचो, त्यातलं निम्मं झिओलाइट निघायचं, दिसायला झकास पण मऊ आणि सपाट पापुद्र्यांत सुटणारं. आता उचललं की आधी बाटलीच्या काचेवर घासतो, ओरखडा उठला तर पुढची परीक्षा. मग गारगोटी दोन बोटांत सैल धरायची आणि दुसऱ्या गोट्याने हलकेच टिचकी द्यायची. मडकं घेताना आपण वाजवून घेतो ना, अगदी तसंच. खण्ण वाजली तर पिशवीत, भद्द वाजली तर आत चीर आहे, नदीत परत. पुरात आपटून आपटून वरच्या सालीवर नखाएवढ्या चंद्रकोरी उमटलेल्या असतात, त्या फार दाट असतील तर वाजली तरी मी घेत नाही, कारण प्रत्येक कोर म्हणजे आत गेलेली एक अर्धवट फूट. आणि शेवटी नदीवरच एक कपचा काढून आत बघायचं. मधे साखरेसारखे स्फटिक असतील तर छिलका तिथपर्यंत छान धावतो आणि स्फटिक लागला की कचकन थांबतो. दहातल्या दोन घरी आल्या तरी खूप.

आजीला यातलं काही नवीन नाही. तिच्या वडिलांच्या चंचीत गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस असायचाच, चिलीम पेटवायला. माझी पिशवी बघून ती म्हणाली, "एवढ्या कशाला रं, चिलमीला एक पुरती."

मग भाजायचा प्रयोग. गुजरातेत खंबातचे मणी करणारे कारागीर रतनपूरकडचा अकीक, म्हणजे अगेटच, आधी उन्हात वाळवतात आणि मग मडक्यात घालून राखेत, गोवऱ्यांच्या धगीवर सावकाश भाजतात, त्याने पिवळट दगड लाल होतो आणि फोडायलाही सोपा जातो. मी शहाणा, पाच गारगोट्या सरळ बंबाच्या निखाऱ्यात टाकल्या. दहा मिनिटांत फटाके! आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली, ती जाणार कुठे. मावशीने तेव्हापासून मला बंबाजवळ येऊ दिलेलं नाही. नंतर वाळूच्या डब्यात पुरून, अख्खा दिवस हळूहळू तापवून आणि तितक्याच हळू गार होऊ देऊन केलं तेव्हा जमलं. फोडल्यावर आतून तूप लावल्यासारखी चमक दिसली की समजायचं भाजणी लागली.

फोडताना एकच गोष्ट डोक्यात ठेवतो, कडेचा कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा आणि घाव घालायच्या आधी ती कड खरबरीत दगडावर घासून बोथट करायची. धारदार कडेवर मारलं की ती नुसती चुरते. सांबरशिंग वापरा असं परदेशी लोक सांगतात, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसतं त्यामुळे नाद सोडा, लाकडी मुठीत बसवलेली जाड तांब्याची वायर दाबकामाला, म्हणजे कडेवर दाब देऊन बारीक छिलके काढायला, मस्त चालते. गॉगल, मांडीवर चामडं आणि मास्क पाहिजेच. अकीकाच्या धुळीने खंबातच्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, म्हणून मी घरात कधीच बसत नाही, अंगणात वाऱ्याकडे पाठ करून बसतो.

इनामगावच्या लोकांची पद्धत मात्र भारी आहे. याच घोड नदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वी ते लोक गारगोटीच्या एका अंगाला दोन्हीकडून आलटूनपालटून टिचे मारून कणा उभा करायचे. पहिला छिलका त्या कण्यावरून धावतो आणि मागे सरळ रेघ ठेवून जातो, मग त्या रेघेवरून एकामागून एक सारखी पाती सुटतात, चाफेकळीएवढी लांब. लिंबाएवढ्या दगडाचा याहून चांगला वापर मला तरी सुचत नाही. माझी आजवर सलग चार निघालीत, पाचवं मधेच मोडलं. एकाने आजीने मिरची चिरून बघितली, म्हणाली विळीपेक्षा बरं आहे पण धरायचं कुठं?

कपच्या मी शेतात टाकत नाही, उद्या कुणी अभ्यासक आला तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या समजेल. परसात एक खड्डा केलाय, सगळा चुरा त्यात, आणि तळाशी दोन रुपयांचं नाणं टाकून ठेवलंय.