तिथी बघून जयगड : बेळगावहून फेरीबोटींचा प्रवास

बेळगावकरांचा समुद्र म्हणजे चोर्ल्यातून पणजी, नाहीतर आंबोली उतरून मालवण. त्यापेक्षा वर, रत्नागिरीच्या पुढे गेलं की खाड्या आडव्या येतात आणि गाडी फेरीबोटीत चढवून पलीकडे न्यावी लागते. जयगड ते तवसाळ शास्त्री नदीच्या खाडीवर, धोपावे ते दाभोळ वाशिष्ठीवर आणि वेश्वी ते बागमांडला सावित्रीवर. या तिन्ही फेऱ्या दोन दिवसांत आरामात होतात. फक्त आखणी भरती-ओहोटी धरून करायची.

गणित सोपं आहे, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कॅलेंडरवरची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, नऊच्या पुढे ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला भरती, म्हणजे संध्याकाळी साडेपाचला पाणी सगळ्यात खाली. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्तच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेच दिवस निवडावेत.

ओहोटीला एवढं का जपायचं, ते जेटीवर उभं राहिलं की कळतं. बोट काँक्रीटच्या उतारावर येऊन टेकते आणि आपला लोखंडी फळा खाली टाकते. पाणी उतरलेलं असेल तर ती उताराच्या खालच्या टोकाला टेकते. तिथलं काँक्रीट एरवी पाण्याखाली असतं, त्यामुळे शेवाळलेलं. गाडी उतारावरून खाली येते आणि फळा समोर आडवा येतो, त्या खाचेत पुढचा बंपर घासतो. डिकी भरलेली असेल तर मागची बाजूही टेकते. म्हणून चालक सोडून सगळ्यांनी उतरून चालत बोटीत जावं. गाडी पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत न्यावी. मध्येच ब्रेक दाबला की शेवाळावर चाक सरकतं. दुचाकीवाल्यांनी तर पुढचा ब्रेक विसरावाच.

सरळ चढवायची की रिव्हर्स, ते खलाशी सांगेल. त्याच्या हाताकडे बघा, आरशातल्या अंदाजावर जाऊ नका. जागेवर आली की इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये आणि आरसे मिटलेले. बोटीच्या थरथरीने काही गाड्यांचा अलार्म वाजतो. तो बंद करता येत असेल तर करून ठेवा.

वेळेचा हिशेब असा. पहाटे पाचला निघायचं. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते आदल्या रात्रीच बघा. हत्तरगी आणि कोगनोळी हे दोन टोलनाके वाटेत आहेत. कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, तिथून मलकापूर, आंबा घाट, हातखंबामार्गे रत्नागिरी साधारण १३०. गणपतीपुळ्याला जेवून दुपारी जयगड, मुक्काम गुहागरला. तवसाळहून हेदवी, वेळणेश्वर करत गुहागर गाठताना रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, अंधाराआधी पोहोचा. दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून दाभोळ, पुढे दापोली, केळशी, वेश्वी आणि बागमांडल्याहून हरिहरेश्वर.

शेवटच्या बोटीच्या भरवशावर कधीच राहू नये. आदल्या दिवशी जेटीवर फोन करून वेळा विचाराव्यात आणि शेवटून दुसरी बोट हीच आपली शेवटची मानावी. सलग सुट्ट्यांना रांग लागते, बोट भरली की पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. जयगडची बोट बंद असेल तर राई-भातगाव पुलावरून गुहागरकडे जाता येतं. दाभोळला असा जवळचा पूल नाही. चिपळूण, खेड, दापोली असा शंभर किलोमीटरच्या वर फेरा पडतो. म्हणूनच धोपाव्याची बोट सकाळीच धरावी.

पावसाळ्यात वाऱ्याच्या दिवशी फेऱ्या थांबतात आणि आंब्यात दरडीही येतात. आमच्या मते ऑक्टोबर ते मे हाच खरा मोसम. तिकिटासाठी सुटे पैसे जवळ ठेवा. गाडीच्या प्रकाराप्रमाणे दर वेगळे असतात.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने नीट धुवून घ्या. चाकांमागचे कोनाडे आणि सायलेन्सरचे जोड राहून जातात, आणि खारं पाणी तिथूनच गंज धरतं.