श्रीखंडावरचा आळ

ग्वाल्हेरच्या जानेवारीत आमच्या लॅबमध्ये ऊब असते ती फक्त इन्क्युबेटरपाशी. त्या सोमवारी सकाळी ट्रेमध्ये शौचाच्या नमुन्यांच्या डब्यांची गर्दी होती आणि लेबलांवरची आडनावं वाचूनच काय ते कळलं. सगळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली मराठी मंडळी, निम्मी एकमेकांची सोयरी. शनिवारी दुपारी एका घरी साठीशांत झाली होती. मसालेभात, कोशिंबीर, श्रीखंड-पुरी. रविवारी दुपारपासून एकेक जण आडवा.

वॉर्डातून फिजिशियनांचा फोन आला तोच निदानासकट. "श्रीखंड बाधलंय. अँटिबायोटिक सुरू केलंय, तुम्ही कल्चर लावून टाका."

इथल्या थंडीत श्रीखंड एका दुपारीत बिघडेल हे मला काही पटेना. शिवाय दुधाच्या पदार्थातलं स्टॅफिलोकोकसचं विष असतं तर लोकांनी १ ते ६ तासांत, म्हणजे आहेराची पाकिटं उघडायच्या आतच, ओकायला सुरुवात केली असती. मी वही घेऊन वर गेले.

"काका, आधी काय झालं? उलटी की जुलाब?"

"उलटी. अगं, मागच्या जन्मी खाल्लेलं बाहेर पडलं!" साठीचे सत्कारमूर्ती सलाइन लावलेल्या हातानेच सांगत होते. शेजारच्या खाटेवर त्यांच्या आई. त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण, जीभ कोरडी ठाक. खरी काळजी त्यांचीच होती.

जवळजवळ सगळ्यांचं उत्तर तेच: उलट्या जोरात, ताप जेमतेम, जेवणानंतर साधारण एका दिवसाने सुरुवात. कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या विषाणूच्या साथी ओळखायला निकष दिले होते. निम्म्याहून जास्त रुग्णांना उलट्या, लागण ते लक्षणं यांत सरासरी २४ ते ४८ तास, आजार १२ ते ६० तासांचा आणि कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून पाहिल्यावर, रोगकारक जिवाणू नाही. विषाणू शोधणारं पीसीआर मशीन नसेल तिथे आजही हे निकष कामाला येतात.

हँगिंग ड्रॉपमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या लोंबत्या थेंबात, कॉलऱ्याच्या जंतूची ती सुळकन पळणारी हालचाल नव्हती. पू-पेशी अगदी तुरळक. मंगळवारी प्लेट्स पाहिल्या: मॅकॉन्की प्लेटवर आतड्यातले नेहमीचे गुलाबी ई. कोलाय, कॉलऱ्यासाठीची टीसीबीएस प्लेट कोरी, साल्मोनेला-शिगेलाचा पत्ता नाही. मोठ्या माणसाची फाइल एरवी इथेच मिटते. 'रोगकारक जिवाणू आढळले नाहीत' असा रिपोर्ट जातो आणि वाचणारा त्याचा अर्थ 'काही नाही' असा घेतो. बाळाला जुलाब झाले की रोटाव्हायरस किमान आठवतो तरी. पन्नाशीच्या माणसाचा विषाणू कोणी शोधतच नाही. आणि विषाणू काही त्या प्लेटवर उगवत नसतो. हा नोरो तर १९७२ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला, तोही अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली झालेल्या साथीच्या नमुन्यात. माणसाच्या आतड्याच्या पेशींत तो वाढवणं जमलं ते थेट २०१६ साली.

कोविडात आलेलं आमचं पीसीआर मशीन हल्ली बराच वेळ रिकामं असतं. फ्रीजरमध्ये जुलाबाच्या विषाणूंचं किट होतं: नोरो, रोटा, ॲस्ट्रो, सॅपो आणि ॲडिनो ४०/४१. महाग म्हणून कोणी मागवत नाही, एक्स्पायरी तोंडावर आलेली. मी ते काढलं.

पहिल्या रनमध्ये बहुतेक नमुन्यांत नोरोव्हायरसच्या जी-२ (GII) गटाची रेषा झपकन वर गेली. काकांचा सीटी, म्हणजे कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा, १९; तो जितका कमी तितका विषाणू जास्त, म्हणजे इथे मुबलक. आजींच्या नमुन्यात मात्र काहीच नाही. पण तपासणी नीट चालली हे कळावं म्हणून आपण त्यात मुद्दाम घातलेलं इंटर्नल कंट्रोलही उठलं नव्हतं. हा निगेटिव्ह नव्हे; ही तपासणीच झालेली नाही. शौचातले पित्तक्षार आणि पॉलिसॅकराइड्स पीसीआरच्या एन्झाइमला अडवतात. काढलेला आरएनए दसपट पातळ करून पुन्हा लावला. कंट्रोल उठलं आणि पाठोपाठ नोरोही.

रिपोर्ट गेल्यावर अँटिबायोटिक थांबलं, ओआरएस आणि सलाइन चालू राहिलं. वॉर्डाचे संडास फिनाइलऐवजी ब्लीचच्या पाण्याने धुवायला लावले.

आचाऱ्याला फोन केला. कोशिंबीर चिरणारा, मुरार भागात राहणारा मुलगा गुरुवारी उलट्या-जुलाबांनी बेजार होता, शुक्रवारी संध्याकाळी बरा वाटला आणि शनिवारी कामावर हजर. थांबायला हवं दोन दिवस, पण खाडा केला तर रोजी बुडते. त्याला दोष कोणत्या तोंडाने देणार? तो बिचारा निमूट डबी देऊन गेला. बरे झाल्यावरही विषाणू शौचातून जात राहतो, त्याच्यातही जी-२ निघाला. हुबेहूब तोच विषाणू आहे असं म्हणायला सिक्वेन्सिंग लागतं, ते आमच्याकडे नाही, म्हणून रिपोर्टमध्ये मी तसं लिहिलं नाही.

"आम्ही तर दारात सॅनिटायझर ठेवला होता!" काकू म्हणाल्या. अल्कोहोलला हा विषाणू फारशी दाद देत नाही, साबण लावून हात खळखळून धुवावे लागतात, हे सांगितल्यावर त्या जरा खट्टू झाल्या. काकांचा प्रश्न वेगळाच: "म्हणजे श्रीखंड निर्दोष?"

"ते तपासायला उरलंच कुठे होतं, काका?"

आजींचं क्रिएटिनिन आठवडाभरात उतरलं. फिजिशियनांनी पुढच्याच आठवड्यात दोन मोठ्या माणसांसाठी आपणहून विषाणूची तपासणी मागवली. मात्र वॉर्डाने नमुने पाठवले कोरड्या स्वॅबवर, दुपारभर टेबलावर राहिलेले. मी ते परत पाठवले. पातळ शौच, स्क्रू झाकणाच्या डबीत, फॉर्मॅलिन न घालता, बर्फावर, आणि जुलाब चालू आहेत तोवर. सिस्टर फोनवर वैतागल्या, पण तासाभरात डब्या आल्या.