मे सोसतं ते ऑगस्टात कुजतं

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत गावाचं पोस्ट आहे आणि मी तिथली शाखा डाकपाल. त्यामुळे अंगण माझं असलं तरी त्यातून सारं गाव ये-जा करतं. सुकन्याचा हप्ता भरायला आलेली बाई पासबुक पुढे करता करता कुंपणाकडे पाहते आणि विचारते, "बाई, तुमची झाडं उन्हानं मरत कशी नाहीत वो?" तोंडी सांगून पुरत नाही, सांगितलेलं घरी जाईपर्यंत निम्मं सांडतं. म्हणून इथे एकदा लिहून ठेवते.

आधी जागा. हिंगणघाट तालुका, काळी भारी जमीन, घराचं तोंड पश्चिमेला. समोर वावर, मोठं झाड एकही नाही. दुपार व्हायच्या आत घराची सावली सरते आणि मग मावळेपर्यंत नुसतं ऊन, वरून टिनाच्या शेडची आणि सिमेंटच्या ओट्याची धग. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, रात्री नऊलाही भिंतीला पाठ टेकवत नाही.

अशा जागेत काय लावावं म्हणून मोबाइलवर शोधलं की 'फुल सन' झाडांच्या याद्याच याद्या येतात. लॅव्हेंडर, रोजमेरी, सेडम, तऱ्हेतऱ्हेचे निवडुंग. याद्या खोट्या नाहीत. ही झाडं ऊन सोसतात, पाणी फार मागत नाहीत. पण त्या लिहिणाऱ्यांच्या पायाखाली मोकळी, पाणी झिरपणारी जमीन आहे. आमच्याकडे वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसात फुगून त्याच भेगा बुजवून टाकते. मग पाण्याला खाली जायला वाट राहत नाही. झड लागली की चार-सहा दिवस झाडाच्या बुडाशी नुसता चिखल. मे महिन्यात ताठ उभं असलेलं रोप पोळ्याच्या सुमारास मान टाकतं. उपटून पाहावं तर मूळ काळं पडलेलं, चिमटीत धरलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आतला दोरा तेवढा हातात राहतो. लोक म्हणतात, "पाणी कमी पडलं." आणि आणखी एक बादली ओततात.

तेव्हा झाड निवडताना मे महिन्याचा विचार सगळेच करतात, ऑगस्टचा करा. आणि ऑगस्टमध्ये टिकेल त्यानंतर बकरीचा करा. खेड्यात झाडाचे हे तीन परीक्षक आहेत आणि तिसरा सगळ्यात कडक आहे.

या तिन्हींतून पास होणारं झाड म्हणजे कण्हेर. कोणी नाक मुरडतं, "ते तं हायवेवरचं झाड." बरोबर, हायवेच्या मधल्या पट्ट्यात ते उगाच लावत नाहीत. तिथे पाणी घालायला रोज कोण जातं, आणि दोन्हीकडून गाड्यांची धग. आमच्या कुंपणाला गुलाबी आणि पांढरी अशा दोन्ही कण्हेरी आहेत. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी, पुढे नाही दिलं तरी चालतं. पावसाळ्यात बुडाशी पाणी साचलं तरी पान पिवळं करण्यापलीकडे तक्रार नाही. बकरी येते, हुंगते, शेजारच्या घरी जाते. कारण झाड विषारी आहे, पान, फूल, काडी सगळंच. म्हणून छाटणी केली की तो पाला मी पोत्यात भरते आणि खड्ड्यात पुरते. ओलं पान जनावर टाळतं, पण वाळून कुटारात, म्हणजे भुशात, मिसळलेलं पान त्याला कळत नाही. वाळलं म्हणून विष जात नाही. काड्या चुलीत घालू नका, तो धूरही वाईट. ज्यांच्या घरी रांगतं लेकरू आहे त्यांना मी कण्हेर लावा असं सांगत नाही. पिवळ्या कण्हेरीचं, म्हणजे बिट्टीचं, बी तर त्याहून घातक, आणि नेमकं पोरांना खेळायला आवडेल असं.

बोगनवेल दुसरी. तिच्याबद्दल गावात गैरसमज एकच, की फुलत नाही म्हणजे खत-पाणी कमी पडतं. उलट आहे. पाणी तोडलं की ती फुलते, लाड केले की नुसता पाला आणि काटे. जवळ जाऊन एक गुच्छ हातात घेऊन पाहा. ज्याला आपण फूल म्हणतो तो राणी रंगाचा कागद म्हणजे पानंच आहेत, तीन-तीन एकत्र, शिरासुद्धा पानासारख्या दिसतात. त्यांच्या आत काडीएवढी नळी आणि तिच्या टोकाला पांढुरकी चांदणी, ते खरं फूल. रंग पानांचा म्हणूनच उन्हातही तो आठवडे टिकतो. पाकळी असती तर दुपारपर्यंत वाळली असती. नव्या फांदीवरच बहर येतो, म्हणून बहर ओसरला की मी ती निर्दयपणे छाटते. आमचे हे तेव्हा घरात जातात, त्यांना पाहवत नाही. काट्यांचा उपयोग म्हणजे कुंपणाला वेगळी तार लागली नाही. पण ती भारी जमिनीत सपाटीवर लावू नका. वीतभर उंच मातीचा चौथरा करा, त्यात मुरूम आणि शेणखत मिसळा आणि त्यावर लावा. पाणी उतरून जातं.

हा चौथऱ्याचा नियम देशी चाफ्यालाही. चाफ्याची फांदी तोडून लगेच रोवायची नसते. आठवडाभर सावलीत पडू द्यायची, चीक सुकून कापलेलं टोक कडक झालं की मग लावायची. ओल्या टोकानं लावलेली फांदी आतून सडते आणि वरून महिनाभर हिरवी दिसत राहते, त्यामुळे फसायला होतं. हिवाळ्यात त्याची सगळी पानं झडतात. शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, "मेलं का वो?" मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. त्या काळात पाणी बंदच ठेवावं.

सदाफुलीचं गणित वेगळं. ती मूळची मादागास्करची. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कॅन्सरची औषधं निघाली, म्हणून ती सगळ्यावरच औषध समजून गावात तिचं पान चावून रक्तातली साखर उतरवणारेही आहेत. त्यांना माझा हात जोडून नकार. औषध कारखान्यात निघतं, अंगणात नाही. झाड म्हणून मात्र ती गुणी. उन्हात बाराही महिने फूल, जनावर तोंड लावत नाही. झडीत तिची अर्धी झाडं मरतात हेही खरं, आज टवटवीत आणि उद्या उकडल्यासारखी. मी त्यावर काही उपाय करत नाही. तिचं बी सगळीकडे पडलेलंच असतं. दिवाळीपर्यंत ओट्याच्या सिमेंटच्या चिरेतून, पायरीच्या सांध्यातून नवी रोपं डोकं काढतात. मुद्दाम भारी मातीत लावलेल्या झाडापेक्षा चिरेतलं झाड जास्त जगतं, कारण तिथे पाणी थांबत नाही. कमी देखभालीचं झाड म्हणजे न मरणारंच असं कुठे आहे? मेलं तरी आपलं आपण परत येणारंही त्यात धरावं.

तसंच गोकर्णाचं. काळी जमीन तिला मनापासून मानवते. शेंगवर्गीय वेल, खत लागत नाही. उन्हाळ्यात वरून वाळली तरी पावसात बुडापासून फुटते, नाहीतर बियांतून येते. निळी आणि पांढरी दोन्ही आहेत. अडचण एवढीच की बकरीला ती फार आवडते. म्हणून बोगनवेलीवर चढवा, काट्यांच्या आत तिला कोणी हात लावत नाही.

शंकासुर बियांवरून येतो. डोक्याच्या वर गेला की कंबरेएवढा छाटावा, पुन्हा लाल-पिवळा फुलतो. टिकोमा पण चांगली. चिनी गुलाब जमिनीत नको, फुटक्या घमेल्यात बुडाला भोकं पाडून लावा आणि झड लागली की घमेलं शेडखाली ओढा.

आता वाळा. याबद्दल कोणी विचारत नाही आणि मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. कूलरच्या ताट्यांना ज्याचा वास येतो तोच. दिसायला साधं गवत, पुरुषभर उंचीचं, म्हणून कोणी अंगणात लावत नाही. पण कडक ऊन आणि साचलेलं पाणी दोन्ही सारख्याच निवांतपणे सोसणारं माझ्या अंगणात दुसरं काही नाही. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही. नालीच्या कडेला जिथे पावसाचं पाणी माती ओढून नेत होतं तिथे मी एक ओळ लावली. आता माती तिथेच थांबते आणि पाणी गाळून पुढे जातं. वर्षातून एकदा विळ्यानं कापायचं, बस.

पाण्याचं बोलले तर कूलरचंही सांगते. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, ताट्यांवर पांढरा थर धरतो. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार टाकीत राहतात, म्हणून टाकीच्या बुडाचं पाणी बोअरहूनही खारं होतं. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक ते गुलाबाला, मोगऱ्याला घालतात आणि मग पानांच्या कडा करपतात. ते पाणी कण्हेर आणि बोगनवेलीला घाला. त्यांना खारट चालतं, आणि पावसाळ्यात ते क्षार धुऊनही जातात.

लावायचं कधी, हाही झाडाइतकाच मोठा प्रश्न. फुलांनी भरलेली रोपं घेऊन टेम्पो येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तेव्हाच हात शिवशिवतात. आपल्या इकडच्या बाजारात मिळणारी कितीतरी रोपं आंध्रात गोदावरीच्या बाजूला कडियमच्या रोपवाटिकांतून आलेली असतात. तिकडची लाल माती मुळांभोवती विटेसारखी घट्ट बसलेली असते. ती तशीच काळ्या मातीत ठेवली तर मुळं त्या गोळ्याबाहेर पडतच नाहीत. उन्हाळ्यात गोळा खडखडीत कोरडा आणि बाजूची माती ओली असंही होतं. रोप घ्यायचंच असेल तर घ्या, शेडखाली पिशवीत सांभाळा आणि मृगाचा बऱ्यापैकी पाऊस झाला की लावा. लावण्याआधी पिशवी फाडून गोळा बादलीत बुडवा, बोटांनी सैल करा, बाहेरची गोल फिरलेली मुळं कापा. जूनमध्ये लावलेल्या झाडाला पहिला उन्हाळा यायला आठ-नऊ महिने मिळतात. मार्चमध्ये लावलेल्याला एकही नाही.

उन्हाळ्यात बुडाशी कुटार पसरवते, भेगा कमी पडतात. खोडाला मात्र चिकटू देत नाही, उधळी म्हणजे वाळवी चढते.

जास्वंद लावू नका असं मी म्हटलं की बाया रागावतात, गणपतीला लागते ना. लावा, पण ती बिनकटकटीची नाही. उन्हात पाणी मागते, पिठ्या ढेकूण लागतो, आणि उरलीसुरली फुलं वान्नेर खाऊन जातं. लॉनचा विषय आमच्या घरात मिटलेला आहे. ह्यांना हवं होतं. मी म्हटलं, पाणी तुम्ही द्यायचं आणि गाजरगवत तुम्ही उपटायचं. त्यानंतर बोलणं निघालं नाही.

मोगरा मात्र मी ठेवला आहे. त्याला ऐन उन्हाळ्यात फूल येतं आणि ऐन उन्हाळ्यातच पाणी लागतं. कमी देखभालीच्या कोणत्याही हिशेबात तो बसत नाही. पण तुळशीला सासूबाई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतातच, त्यात खंड नाही. म्हणून मोगरा वृंदावनाला लागूनच लावला. आता तो तांब्या दोन तांब्यांचा झाला आहे. न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे कर्दळ आहे, तिला ऊन आणि चिखल दोन्ही आवडतात. पाणी मागणारी झाडं अशी जिथे पाणी आपोआप पडतं तिथे लावली, तर एप्रिलमध्ये चार दिवस माहेरी जाता येतं.